अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या घराण्याची वंशावळ: या चुका टाळा

सून किंवा जावई तिकडचाच असलेली मराठी घरं अमेरिकेत आता पुष्कळ आहेत. नातवंडांना आपल्या बाजूचा कुलवृत्तांत दाखवला की दुसऱ्या बाजूचा कुठं आहे, हा प्रश्न येतोच. ती दुसरी बाजू १८व्या शतकातल्या सरहद्दीवरच्या (म्हणजे युरोपीय वस्तीच्या पश्चिमेकडे सरकणाऱ्या सीमेवरच्या, 'फ्रंटिअर'च्या) वस्तीकरांपर्यंत जात असेल, तर कामाला लागण्यापूर्वी हे वाचा. उदाहरणासाठी केंटकीकडं वस्तीची वाट पाडणारे प्रसिद्ध डॅनिअल बून यांचं घराणं घेतो. त्याचे कागद बरेच तपासले गेले आहेत, तरीही त्याबद्दलच्या चुका आजही पसरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रसिद्ध माणसापासून खाली यायचं. आडनाव बून दिसलं की लोक थेट डॅनिअलला जोडतात. डॅनिअल आणि त्याची बायको रेबेका यांना दहा मुलं होती, शिवाय डॅनिअलचे भाऊ, काका, पुतणे होतेच, आणि घराण्यात तीच नावं पुन्हा पुन्हा ठेवलेली. डॅनिअलच्या वडिलांचं नाव स्क्वायर, भावाचंही स्क्वायर. हे नावच आहे. इंग्रजीतली मानाची पदवी समजून ते गाळणारे वंशवृक्ष इंटरनेटवर भरपूर आहेत. म्हणून नातवंडांपासून एकेक पिढी मागे जा. प्रत्येक दुव्याला मृत्युपत्र, खरेदीखत, करयादी असा एक तरी कागद हवा. दुसऱ्याच्या झाडावरून उचललेलं नाव म्हणजे पुरावा नव्हे. दहा झाडांवर तेच दिसलं, तर बहुधा नऊ जणांनी एकाचं उतरवलेलं असतं.

तारखांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण इथं हुशार माणसंही फसतात. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर होतं आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. एका जोडप्याचं लग्न जून १७४० मध्ये झालं आणि मूल फेब्रुवारी १७४० मध्ये, असं दिसलं की माणूस गोंधळतो. पण त्या हिशेबात फेब्रुवारी १७४० हा जूननंतरचा, म्हणजे आपला १७४१ चा फेब्रुवारी. मूल लग्नानंतर आठ महिन्यांनी झालेलं आहे. म्हणूनच जुन्या कागदांत १७४०/४१ अशी दुहेरी वर्षं दिसतात. ती तशीच उतरवून घ्या, एक खोडू नका.

बून घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, आणि क्वेकर महिन्यांची नावं न लिहिता आकडे लिहीत. त्या काळी पहिला महिना मार्च, तर आठवा ऑक्टोबर. डॅनिअलचा जन्म जुन्या गणनेत २२ ऑक्टोबर १७३४ चा, नव्या गणनेत २ नोव्हेंबरचा (दोन्ही कॅलेंडरांत तेव्हा अकरा दिवसांचा फरक होता). 'आठवा महिना' वाचून ऑगस्ट लिहिलात की चूक कायमची बसली. पहिल्यांदा या नोंदी पाहताना मीही एका मुलाचा जन्म असाच दोन महिने आधीचा लिहिला होता. त्याच्या थोरल्या भावाची तारीख जुळेना तेव्हा लक्षात आलं. आता मी मूळ शब्द एका रकान्यात आणि उलगडा वेगळ्या रकान्यात लिहितो. तुम्हीही तेच करा.

या पंथाचा एक फायदाही आहे. पंथाबाहेर लग्न केलं की पंथाच्या स्थानिक सभेच्या इतिवृत्तात नोंद व्हायची. मोठ्या मुलीनं असं लग्न केलं, पुढं मुलानं केलं, आणि स्क्वायर बून यांनी माफी मागितली नाही म्हणून १७४८ मध्ये त्यांना पंथातून काढलं. जन्मनोंद सापडली नाही, तर हे इतिवृत्त वाचा.

मग कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. पेनसिल्व्हेनिया सोडून कुटुंब नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन खोऱ्यात आलं. तिथं १७५० मध्ये अ‍ॅन्सन कौंटी होती, १७५३ मध्ये त्यातून रोवान निघाली, आणि १८३६ मध्ये रोवानमधून डेव्ही. माणूस घरातून न हलता त्याची कौंटी बदलायची. आज मॉक्सव्हिलजवळ जिथं डॅनिअलचे आईवडील स्क्वायर आणि सारा बून यांच्या कबरी आहेत ती डेव्ही कौंटी. पण त्यांच्या हयातीतले कागद डेव्हीत शोधलेत तर हाती काही येणार नाही, ते रोवानच्या मुख्य ठिकाणी, सॅलिसबरीत पाहा. केंटकीतही तेच: १७९२ पर्यंत ती व्हर्जिनियाचाच भाग होती. आधी कौंटीच्या सीमांचा इतिहास बघा, मगच कचेरी ठरवा.

जनगणनेवर भिस्त ठेवू नका. १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीच्यांचे नुसते आकडे. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर उरलेल्याच नाहीत. त्याऐवजी करयाद्या वापराव्या लागतात.

नात्यांचे शब्द आपल्यासारखे काटेकोर नाहीत. त्यांचा 'कझिन' कधी पुतण्या किंवा भाचाही असतो, 'सन-इन-लॉ' कधी सावत्र मुलगा. शिवाय डॅनिअल आणि त्याचा भाऊ एडवर्ड या दोघांनी ब्रायन घराण्यातल्या (हे रेबेकाचं माहेर) बहिणींशी लग्नं केली. बून आणि ब्रायन घराण्यांत लग्नं पुन्हा पुन्हा झाली. त्यामुळे डीएनए चाचणीत जुळणी अपेक्षेपेक्षा मोठी दिसली, तर नातं जवळचं आहे असं लगेच समजू नका. ते दोन वाटांनी आलेलं असू शकतं.

रेबेकाच्या आईचं नाव काही झाडांत हेस्टर हॅम्प्टन आहे, काहींत अ‍ॅलिस लिनव्हिल. तुमच्या झाडात असं कुणी आलं, तर एक नाव निवडून मोकळे होऊ नका. दोन्ही नावं लिहा, आणि कोणत्या कागदावरून कोणतं आलं तेही शेजारी लिहा.