पाणी गुडघ्याला असतानाच: वर्गातल्या स्वमग्न मुलासाठी

वर्गात स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल आलं की आधी एक शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. तारखेबरोबर वेळ आणि तास लिहा. ‘हट्ट केला’, ‘त्रास दिला’ असलं काही लिहायचं नाही. ‘पुस्तक फेकलं, बाकाखाली गेला’ असं लिहायचं.

मी नाशिकला पंचवटीत प्राथमिकला शिकवते, पट चाळिसाच्या वर. चौथीतला एक मुलगा मराठीच्या तासाला पुस्तक फेकायचा. पुस्तक फेकलं की व्हरांड्यात उभं करायचं, ही पद्धत त्याच्याबाबतीत आधीच्या इयत्तेपासून चालत आली होती. वही चाळली तर फेकाफेक फक्त शुद्धलेखनाच्या दिवशी, वाचनाच्या दिवशी कधीच नाही. म्हणजे व्हरांडा ही त्याची शिक्षा नव्हती, सुटका होती. मग दहा ओळींऐवजी तीन ओळी दिल्या, मोठ्या रेघांची वही आणि जाड पेन्सिल दिली, आणि बाकावर एक कार्ड ठेवलं: ‘बाई, थांबायचंय’. कार्ड दाखवलं की लगेच, कपाळाला आठी न घालता, दोन मिनिटं सुट्टी. सुरुवातीला कार्ड सारखं वर येतं. येऊ द्या. फेकण्यापेक्षा कार्डानं काम लवकर होतं हे एकदा पटलं की पुस्तकं जागेवर राहतात. नुसतं ‘करू नको’ म्हणून कुठलंही वागणं जात नाही. तेच काम भागवणारं दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं.

वागण्यामागे बहुतेक वेळा चारातलं एखादं कारण निघतं: कामातून सुटका, कुणाचं तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, नाहीतर शरीरालाच त्यानं बरं वाटणं. हात फडफडवणं, डुलणं या शेवटच्या प्रकारात येतं. कुणाला इजा होत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘माझ्याकडे बघ’ हा आग्रहही सोडा. खिडकीकडे बघत पाढा बरोबर म्हणतोय ना, मग झालं. मात्र एखादं वागणं अचानक, नव्यानं सुरू झालं तर पालकांना दात, कान आणि पोट डॉक्टरांना दाखवायला सांगा. दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही, तो ते वागण्यातून सांगतो.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांत करून बाकाच्या कडेला चिकटवा: परिपाठ, गणित, खिचडी, खेळ. तास संपला की ते चित्र त्यानंच उलटायचं. ‘आज बदल’ असं एक लाल कार्डही करून ठेवा. बाई रजेवर असतील, खेळाचा तास रद्द झाला असेल, तर ते कार्ड सकाळीच लागलं पाहिजे. ऐन वेळी सांगितलेला बदल अर्धा दिवस खातो.

बोलताना वाक्य आखूड ठेवा आणि काय करायचं ते सांगा. ‘पळू नको’ऐवजी ‘चाल’. सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा. त्या वेळात तेच वाक्य पुन्हा म्हटलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. टोमणे तर नकोतच. ‘माझं डोकं खाऊ नको’ म्हटल्यावर एकीनं गंभीरपणे सांगितलं होतं, ‘बाई, मी डबा खाल्ला.’

आता मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. पुस्तक फेकणारा हाच मुलगा पावसाळ्यात रोज विचारायचा, ‘बाई, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी?’ गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे तेही त्याला पाठ. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आपलं पूरमापक, हे नाशिककरांना सांगायला नको: गोदावरीचं पाणी मूर्तीच्या कुठपर्यंत चढलं त्यावरून पूर किती ते कळतं. मी कार्डशीटवर मारुती काढला आणि त्याच्या बाजूनं वरखाली सरकणारी निळी पट्टी लावली. पट्टी सरकवायचा मान त्याचा. पायाशी पाणी म्हणजे मजेत. गुडघ्याला आलं की पाणी पिऊन यायचं, कमरेला आलं की ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसायचं. छातीला आलं की अभ्यास बंद, मी नुसती जवळ. या पट्टीमुळे मलाही त्याच्या खुणा दिसायला लागल्या: कान लाल होतात, एकच वाक्य परत परत येतं, पेन्सिलीचं टोक मोडतं. एवढं दिसलं की विसर्ग करायचा, घंटेची वाट बघायची नाही. तुमच्या मुलाला मारुतीचं काही नसेल तर त्याला काय आवडतं ते शोधा. सिटीलिंकच्या बसचे नंबर असतील, पंखे असतील, काहीही चालेल.

गळ्यापर्यंत गेलंच तर समजूत घालू नका, शब्द पोचत नाहीत. बाकीच्या मुलांना बाहेर न्या, दिवा-पंखा बंद करा, थोडं लांब बसा. शांत झाल्यावर लगेच ‘असं का केलंस?’ची उलटतपासणी नको. पाणी द्या आणि सोपं काम द्या.

शाब्बासकी नेमकी द्या: ‘कार्ड दाखवलंस, छान.’ नुसतं ‘गुड बॉय’ त्याला काहीच सांगत नाही. ‘आधी दोन गणितं, मग नकाशा’ असं ठरवलं आणि गणितं झाली, तर नकाशा मिळालाच पाहिजे. नंतर दंगा केला म्हणून कमावलेलं काढून घेणं मला अजिबात मान्य नाही.

कुणी ‘एक फटका द्या, सुधारेल’ म्हटलं तर शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम १७ दाखवा. मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या एकवीस प्रकारांत स्वमग्नताही आहे, म्हणजे सवलत मागताना संकोचायचं कारण नाही.

राहिले सणाचे दिवस. गणपतीत ढोलाचा सराव सुरू झाला की आमच्या वर्गाच्या भिंती हलतात, आणि रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदाच्या) आधीपासूनच पोरांच्या अंगात येतं. आदल्या दिवशी ढोलाचा व्हिडिओ बारीक आवाजात दाखवा. कानांवर लावायचे हेडफोन दप्तरात आहेत ना, ते आईला फोन करून विचारा. मिरवणूक शाळेवरून जाणार असेल तर तो कुठल्या खोलीत बसेल आणि सोबत कोण असेल हे आधीच ठरवा. त्याला ढोल बघायचाच असेल तर गच्चीवरून दाखवा, आणि खाली कधी यायचं ते त्याच्यावर सोडा.