स्वीडिश वाक्प्रचार फिनिशमध्ये नीट उतरवणारा अनुवादक कसा मिळाला : माझा अनुभव

हेलसिंकीतील आमच्या शेजारच्या स्वीडिश आजींच्या आठवणी त्यांच्या फिनिशभाषक नातवंडांसाठी अनुवादित करून घेताना अडचण अशी आली, की ‘बर्फावर गाय नाही’ हा वाक्प्रचार, ज्याचा अर्थ ‘घाबरण्यासारखे काही नाही’ असा आहे, फिनिशमध्ये खरोखरच गाय घेऊन उतरला.

यंत्रानुवाद फसला. मग अधिकृत अनुवादक गाठला, पण ती पात्रता मुख्यतः दाखले आणि कायदेशीर कागदपत्रांसाठी असते. दोन महिने वाया गेले, याचे वाईट वाटले.

शेवटी उपयोगी पडलेला क्रम असा. प्रथम दिशा ठरवली : स्वीडिशमधून फिनिशमध्ये, म्हणजे अनुवादकाची मातृभाषा फिनिशच हवी, शिवाय मजकूर स्वीडनमधील स्वीडिशमध्ये आहे, फिनलंडमधील नव्हे, हेही आधीच कळवले, कारण दोन्हींचे वाक्प्रचार पुष्कळदा वेगळे असतात. नंतर १९५५ साली स्थापन झालेल्या एसकेटीएल या अनुवादक-दुभाष्यांच्या संघटनेच्या सूचीतून साहित्यानुवाद करणारे तिघे निवडले. तिघांनाही मानधन देऊन तीच दोन वाक्ये दिली : एकात ती गाय, दुसऱ्यात ‘पोत्यातले डुक्कर विकत घेणे’, म्हणजे वस्तू न पाहताच विकत घेणे. दुसरा वाक्प्रचार फिनिशमध्ये जसाच्या तसा आहे, म्हणून तो न बदलणे हीच खरी कसोटी होती. जिने डुक्कर राखले आणि गायीच्या जागी साधे ‘एइ हॅतॅ’, म्हणजे ‘काही काळजी नाही’, लिहिले, तिला काम दिले. अखेरीस स्वीडिश न जाणणाऱ्या नातवाकडून पाने मोठ्याने वाचून घेतली. तो जिथे अडखळला, तेवढ्याच ओळी पुन्हा बदलल्या.

दुभाषी हवा असल्यास भाषणातील वाक्प्रचारांची यादी त्याला आदल्या दिवशीच पाठवावी.