आवाज येतो, चित्र नाही: डिस्प्लेची गेलेली लाईट घरी कशी दुरुस्त करावी

"भाऊ, टीव्ही चालू आहे, आवाज येऊन राहिला, पण चित्रच नाही." एप्रिल-मे लागला की आमच्या यवतमाळकडच्या गावात हे वाक्य मला दर आठवडी बाजाराच्या दिवशी ऐकू येतं. सांगणाऱ्याने मनातल्या मनात नवा टीव्ही घ्यायचं ठरवलेलंही असतं. त्याला मी एकच विचारतो, "टॉर्च मारून पाहिला का?"

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. तो खिडकीच्या काचेसारखा असतो, उजेड त्याच्या मागून येतो. मागचा दिवा गेला तरी चित्र पडद्यावर उमटतच असतं, फक्त दिसत नाही. म्हणून खोलीत अंधार करा, टीव्ही सुरू करा आणि मोबाईलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. रिमोटचं मेन्यू बटण दाबल्यावर फिकट अक्षरं हलताना दिसली, तर पॅनल आणि मदरबोर्ड शाबूत आहेत, बॅकलाईट गेली आहे. काहीच दिसलं नाही तर बिघाड बहुतेक दुसरीकडे आहे आणि हा लेख त्यासाठी नाही. सुरू करताच क्षणभर उजेड येऊन अंधार होत असेल, तर तीही बॅकलाईटचीच खूण. ड्रायव्हरला, म्हणजे बॅकलाईटला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, खोट दिसते आणि तो स्वतःच पुरवठा तोडतो. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर दिवा जळलेला नसतो, त्याच्यावरची प्लॅस्टिकची भिंगटोपी निसटलेली असते.

आतली रचना दिवाळीच्या जुन्या माळेसारखी आहे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक तुटला की अख्खी माळ बंद. ते जळतात मुख्यतः उष्णतेने. अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, वर टिनाचं छप्पर, आणि टीव्हीची बॅकलाईट 100 वर ठेवलेली. लाईन आली-गेली, डीपी जळाली, यांचा दोष असतोच, पण तो जास्त करून पॉवर सप्लायच्या वाट्याला येतो.

हात बसवायला छोटं काम घ्या

पहिलंच काम टीव्हीचं घेऊ नका. घरात बंद पडलेला किराण्याचा काटा, जुना म्युझिक सिस्टम, असं बॅटरीवर चालणारं काही शोधा. काट्यावरचे लाल आकडे स्वतःच उजळत असतील तर ते एलईडीच आहेत, तिथे मागचा दिवा नसतो. काळे आकडे आणि मागे हिरवट किंवा निळा उजेड असेल, तर ते आपल्या कामाचं.

प्लग काढा, बॅटरी काढा, झाकण उघडा. डिस्प्लेच्या एका कडेला बॅकलाईटची दोन टोकं असतात, बरेचदा त्यांवर ए आणि के लिहिलेलं असतं. ए म्हणजे प्लस. आता बॅटरी परत जोडून सुरू करा आणि तिथे मल्टिमीटर लावा. 3-4 व्होल्ट किंवा त्याहून जास्त येताहेत पण उजेड नाही, तर दिवा गेला. व्होल्टच येत नसतील तर आधी जवळचा रेझिस्टर (करंट रोखून धरणारा छोटा भाग) आणि सोल्डरचा तुटलेला टाका तपासा. बाजारात डोक्यावरून नेलेल्या काट्यात तुटका टाका मला जास्त वेळा सापडला आहे.

सामान फार लागत नाही: साधा मल्टिमीटर, 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, पेस्ट. एलईडी तपासायला 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊन तिच्या एका वायरीत 1 किलोओहमचा रेझिस्टर जोडा. मीटरच्या डायोड खुणेवर पांढरा एलईडी कधी पेटतो, कधी पेटत नाही, आणि टीव्हीतला 6 व्होल्टचा तर सहसा पेटतच नाही. या बॅटरीवर दोन्ही पेटतात आणि जळत नाहीत.

गाडीचा डिस्प्ले

गाडीत 12 व्होल्ट असल्याने शिकायला ती टीव्हीपेक्षा बरी. तरी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवल्याशिवाय हात घालू नका, आणि स्टिअरिंगच्या एअरबॅगकडे फिरकूच नका. स्टिरिओला कोड असेल तर बॅटरी सोडवण्याआधी तो शोधून ठेवा.

त्याच्याही आधी दोन फुकटातल्या गोष्टी पहा. फ्यूज, आणि मीटरच्या उजेडाचं छोटं चाक. एका काळीपिवळीवाल्या काकांनी मीटर अंधारात आहे म्हणून अख्खा डॅश उघडायला लावला होता. चाक पुसता पुसता खाली फिरलं होतं, एवढंच.

जुन्या गाड्यांच्या मीटरमागे बारीक काचेचे बल्ब असतात. त्यांची प्लॅस्टिकची कळ पाव आटा फिरवली की बल्ब बाहेर येतो. बहुतेक ठिकाणी 12 व्होल्ट, 1.2 वॅटचा बिनटोपीचा (खाली धातूची टोपी नसलेला) बल्ब लागतो, तरी जुना सोबत नेऊनच घ्या. काही बल्बांवर हिरवी रबरी टोपी असते. रंग तिचाच असतो, ती काढून नव्यावर चढवायची. तयार एलईडी बल्ब बसवला आणि पेटला नाही तर उलटा करून बसवा, त्याला प्लस-मायनस लागतं.

स्टिरिओत किंवा एसीच्या पॅनलमध्ये सुटा एलईडी टाकायचा असेल तर रेझिस्टरचं गणित करा. इंजिन चालू असताना गाडीत 12 नाही, 14.4 व्होल्टपर्यंत असतात. पांढऱ्या एलईडीला 3.2 गेले, उरले 11.2. 820 ओहमचा रेझिस्टर टाकला की साधारण 14 मिलिअँपिअर करंट जातो, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. तीन एलईडी एका रांगेत असतील तर 330 ओहम. रेझिस्टर न टाकता लावलेला एलईडी दुकानाबाहेर जाईपर्यंतही टिकत नाही.

एक बल्ब मात्र एलईडीने बदलू नका: बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा. कित्येक जुन्या गाड्यांत नि ट्रॅक्टरांत त्या बल्बातून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, मग चार्जिंगच सुरू होत नाही आणि माणूस अल्टरनेटर खोलून बसतो.

आता टीव्ही

पाठ फार जाड असलेला जुना एलसीडी टीव्ही असेल तर आत एलईडीऐवजी बारीक काचेच्या ट्यूब असण्याची शक्यता आहे. त्यांना शेकडो व्होल्ट लागतात आणि त्यांच्यात पारा असतो. नवख्याने तो सोडून द्यावा.

एलईडी टीव्हीचा प्लग काढा, अर्धा तास थांबा. गादीवर स्वच्छ चादर टाकून पडदा खाली करून ठेवा. मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ताटात ज्या जागचे त्या जागी मांडा. उघडल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढा. पॉवर सप्लायवरच्या सगळ्यात मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात. होल्डरमध्ये 230 व्होल्टचा तारेचा साधा बल्ब (एलईडीचा नाही) लावून त्याच्या वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना धरा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडणारे उस्ताद बरेच भेटतील. तुम्ही तसं करू नका.

बॅकलाईटचा कनेक्टर चालू टीव्हीत मोजायच्या फंदात पडू नका. 6 व्होल्टचे 12 दिवे रांगेत असले तर साधे चालतानाच 72 व्होल्ट होतात, आणि माळ तुटलेली असेल तर ड्रायव्हर त्याहून वर चढतो. एलईडी टेस्टर मिळाला तर टीव्ही बंद असतानाच बॅकलाईटचा कनेक्टर काढा आणि टेस्टर पट्ट्यांकडे जाणाऱ्या बाजूला लावा. सगळं उजळलं तर पट्ट्या चांगल्या आहेत, खोट ड्रायव्हरमध्ये. मग पॅनल उचलायची गरजच नाही.

उचलावं लागलंच तर एकट्याने उचलू नका. पॅनलच्या कडेला कागदासारख्या पातळ रिबिनी चिकटलेल्या असतात, त्या तुटल्या की पॅनल गेलं. मी एकदा शेजाऱ्याचा 32 इंची टीव्ही एकट्याने उचलला, कोपरा जरासा वाकला, आणि दोनशे-तीनशेच्या पट्टीपायी मला नवा टीव्ही घेऊन द्यावा लागला. तेव्हापासून समोर दुसरा माणूस आणि हात कोरडे असल्याशिवाय मी फ्रेमला हात लावत नाही. पंखाही बंद ठेवतो, आमच्याकडची धूळ आत गेली की पडद्यावर डाग बनून राहते.

पॅनल सपाट जागी ठेवा. खालचे पांढरे कागद ज्या क्रमाने निघतील, तसेच गठ्ठ्याने बाजूला ठेवा, एका कोपऱ्यावर पेन्सिलची खूण करा. आता पट्ट्या समोर दिसतील. 9 व्होल्टवाली बॅटरी एकेका एलईडीच्या दोन बाजूंना लावत जा. मेलेला पेटणार नाही, कधी त्यावर काळा ठिपकाही दिसतो.

तेवढाच एक बदलावा असा मोह होतो. पण अॅल्युमिनियम उष्णता ओढून घेतं, 25 वॅटचा आयर्न तिथे हरतो. काही मिस्त्री कपड्याची इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर पट्टी तापवतात, जमतंही. शिवाय एक गेला म्हणजे बाकीचेही तेवढेच भाजलेले. त्यापेक्षा पूर्ण सेट बदला. जुनी पट्टी घेऊन यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरच्या दुकानात जा. लांबी, दिव्यांची संख्या, 3 व्होल्ट की 6 व्होल्ट, आणि पट्टीवरचा नंबर, चारही जुळले पाहिजेत. नुसतं "32 इंचाची द्या" म्हणाल तर दुसरीच मिळेल.

नवी पट्टी चिकटवण्याआधी जुना गोंद पुसून काढा, प्लस-मायनस फोटोशी ताडून पहा आणि सगळे दिवे एकदा तपासून घ्या. मग कागद, पॅनल, फ्रेम, उलट क्रमाने. झाकण पूर्ण बसवा, पण स्क्रू चारच लावा. पहिल्यांदा सुरू केल्यावर मेन्यूत जाऊन बॅकलाईट 50 च्या खाली आणा आणि तासभर बातम्या लावून ठेवा. परत अंधार झालाच तर चारच स्क्रू काढायचे असतात.