मे महिन्यात दुब्रोव्निक: तटबंदीवर सकाळीच चढा

क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जायचं तर मे अखेर बरी. जुलैसारखी तलखी नसते, समुद्र मात्र अजून गारच असतो. गर्दीचं म्हणाल तर ती क्रूझ जहाजांवर ठरते. दहानंतर बंदरातून लोंढे गावात शिरतात आणि जुन्या गावाच्या पश्चिमेकडच्या पिले दरवाज्यापाशी उभं राहायला जागा उरत नाही.

म्हणून तटबंदी उघडताच चढा. फेरी साधारण 1,940 मीटरची, एकाच दिशेने चालायची, आणि सावली जवळजवळ नाहीच. बहुतेक जण पिलेकडून चढतात. त्यांना मिनचेता बुरुजाची खडी चढण शेवटी, डोक्यावर ऊन आल्यावर लागते. पूर्वेकडच्या प्लोचे दरवाज्याच्या बाजूने शिरलात तर तीच चढण सुरुवातीला, गारव्यात उरकते. पुढे बराचसा उतार आणि डावीकडे लाल कौलांचं गाव. तिकिटाआधी दुब्रोव्निक पास पाहा. त्यात तटबंदीसोबत बस आणि काही संग्रहालयंही येतात.

जुन्या गावातल्या स्त्रादुन या मुख्य रस्त्याची फरसबंदी झिजून आरशासारखी झाली आहे, पाऊस पडला की घसरते. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. पाण्याची बाटली ओनोफ्रियोच्या कारंज्यावर भरा, पिण्याचंच पाणी आहे. आणि हो, 2023 पासून इथे युरो आणि शेंगेन व्हिसा चालतो.