आजारी शॅमेलिऑन घरी आणल्यावर

शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) दिवसाउजेडी डोळे मिटून बसला, तर तो सुस्तावलेला नाही, आजारी आहे. हा प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतो. आणल्या दिवशीच डिजिटल काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याची वेळ घ्या. गोव्यात असे डॉक्टर कमीच, म्हणून फोन करून खात्री करा. ताजी विष्ठा बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवून सोबत न्या (फ्रीझरमध्ये नको). पोटातले जंत त्यातूनच कळतात.

कुळागरात (पोफळीच्या बागेत) सापडलेला घोयरा, म्हणजे आपला भारतीय शॅमेलिऑन, मात्र घरात आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो संरक्षित आहे. जखमी दिसला तर वनखात्याला कळवा. पुढचं सगळं येमेनी व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल आहे. त्याची २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

पिंजरा जाळीचाच हवा, मोठ्यासाठी साधारण २ बाय २ बाय ४ फूट, आणि डोळ्यांच्या उंचीवर किंवा वर. काचेची टाकी गोव्यात नकोच. जून ते सप्टेंबर इथली हवा आधीच ओली असते. ती काचेत कोंडली की छातीचा संसर्ग होतो. मान वर करून तोंड उघडं ठेवणं, श्वासाला टिकटिक आवाज, तोंडात चिकट लाळ ही त्याची लक्षणं. मात्र दिव्याखाली फार तापल्यावरही तो तोंड उघडतो, तेव्हा आधी तापमान बघा. पावसाळ्यात फवारा पिण्यापुरताच, सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटं, आणि मधल्या वेळात पानं पूर्ण वाळू द्या. खोलीत पंखा चालू असू दे, झोत पिंजऱ्यावर नको.

वाटीतलं पाणी त्याला बहुतेक दिसतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. मनीप्लांट आणि जास्वंद त्यासाठी उत्तम. खोल गेलेले डोळे किंवा विष्ठेतल्या पांढऱ्या भागाचा नारिंगी रंग म्हणजे पाणी कमी पडतंय. सिरिंजने घशात पाणी ढकलू नका, ते फुप्फुसात जातं.

वाकडे पाय, मऊ जबडा, फांदीवरची सुटणारी पकड हे हाडांचं दुखणं. याचं मूळ बहुधा दिव्यात असतं. यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) नसतील तर शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि शरीर ते हाडांतून ओढून घेतं. नुसती कॅल्शियमची पावडर वाढवून उपयोग नाही. टी५ची (बारीक ट्यूबलाइटची) ५.० ताकदीची यूव्हीबी नळी बसायच्या फांदीपासून २०-२५ सेंटिमीटरवर, रोज १२ तास. काचेतून यूव्हीबी जात नाही, म्हणून खिडकीतलं ऊन धरू नका. नळी वर्षाने बदला, उजेड पडत असला तरी. फांदीपाशी दिवसा २९ ते ३२ अंश पुरे. एप्रिल-मेमध्ये खोलीच तेवढी तापते, मग उष्णतेचा बल्ब बंदच ठेवा.

खायला द्यायच्या रातकिड्यांना साध्या कॅल्शियमची पावडर दर वेळी, डी३वाली महिन्यातून दोनदा. उरलेले किडे रात्री काढा, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. खात नसेल तर जबरदस्तीने भरवू नका, आणि घरातली उरलेली अँटिबायोटिकं तर नाहीच: पाणी कमी असलेल्या प्राण्याची मूत्रपिंडं काही औषधांनी बिघडतात.

मादी खाली उतरून कोपरे उकरू लागली तर नर नसतानाही अंडी असू शकतात. फूटभर खोल ओल्या वाळूची बादली लगेच ठेवा. उकरूनही अंडी घालत नसेल आणि मलूल पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.