वेताळ कुणाच्या हातात द्यायचा

नवीन पुस्तकं आणायला लगेच बाहेर पडू नका. आधी देवघेवीची जुनी नोंदवही काढा, चष्मा लावा आणि पानं उलटत बसा. गल्लीतलं वाचनालय असो, शाळेतलं एक कपाट असो, नाहीतर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रविवारी मांडलेली चार खोकी असोत, पोरापोरींना कॉमिक्स द्यायची असतील तर आजवर आपण कुणाला काय दिलं ते पहिल्यांदा बघावं. मी बघितलं, आणि दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांनी हे वाचनालय काढलं. ते गेल्यावर टेबल माझ्याकडं आलं, त्याला सत्तावीस वर्षं झाली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. त्याच्यापुढं आमचं म्हणजे टपरीच. पण टपरीवाल्याला गिऱ्हाइकाची आवड पाठ असते असा मला गर्व होता. नोंदवहीत माझ्याच अक्षरात दिसलं ते असं : मुलग्यांच्या नावापुढं वेताळ, मँड्रेक, बहादूर, काळा पहाड असले साहसी नायक. मुलींच्या नावापुढं परीकथा, संस्कारकथा, झालंच तर चांदोबा. पानामागून पानं. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप त्या त्या फळीकडं जायचा.

त्यात एक नोंद सापडली आणि पोरगी डोळ्यांसमोर आली. तालमीमागच्या बोळातली, आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या. वेताळ मागायला आली होती. मी म्हटलं, "अगं, ते पोरांचं असतंय, हे घे," आणि राजकन्येच्या गोष्टी दिल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत. "काकू, ह्यात डायना न्हाई." तेव्हा मी हसले होते. लि फॉकनं १९३६ साली वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, सुरू केला तेव्हापासून त्यात डायना पामर आहे. ही बाई ऑलिंपिकमध्ये पाण्यात सूर मारणारी आणि पुढं संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी. भावाच्या अंकात पोरीनं ती बघितली असणार. तिला वेताळाच्या कवटीच्या अंगठीचं काही नव्हतं. ज्या बाईला सूर मारता येतो ती बाई तिला पाहिजे होती, आणि मी तिला राजवाड्याच्या खिडकीत बसवली.

नोंदवही झाली की फळ्यांवरच्या पट्ट्या काढा. आमच्याकडं सासऱ्यांनी रंगवून घेतलेली पत्र्याची पट्टी होती, 'महिला व बाल'. म्हणजे बायका आणि लेकरं एका फळीवर, आणि उरलेलं सगळं जग पुरुषांचं. पट्टी काढताना मला खरंच वाईट वाटलं, अक्षर सुरेख होतं. आता फळ्या गोष्टीवरून लावल्यात : भीती, तपास, प्रवास, भांडण, प्रेम, हसू. एकच पुस्तक दोन फळ्यांवर बसत असेल तर वाद घालायचं काम पोरांवर सोडा. तेवढ्यासाठी का होईना, पुस्तक वाचून येतात.

ही वाटणी जन्माची नाही, दुकानाची आहे, हे मला एका पैलवानानं शिकवलं. तालमीतला गडी, कान मोडलेले, दर शनिवारी यायचा. "वहिनीनं सामाजिक कादंबरी मागितलीया." घेऊन जायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून, कडेला दोरा बांधून. दोनेक वर्षांनी परत करताना सहज म्हणाला, "काकू, शेवटी तिनं त्याला माफ करायला नको होतं." मी विचारलं, "वहिनी म्हणाली का?" मान खाली. थोरला भाऊ तर अजून बिनलग्नाचा होता. त्या दिवसापासून मी त्याला दोरा माझ्याकडचाच देते. आणि आमच्या सासूबाई पोथीच्या आत बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार धरून वाचायच्या, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

परदेशातही हेच. अमेरिकेत प्रेमकथांची कॉमिक्स १९४७ साली सुरू केली ती जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन बाप्यांनी. त्याआधी याच दोघांनी कॅप्टन अमेरिका काढला होता. म्हणजे ठोसेही त्यांचेच आणि अश्रूही त्यांचेच. उलट वंडर वुमन विल्यम मार्स्टन यांनी १९४१ मध्ये आणली, पण १९४४ ते ४७ या काळात तिच्या कितीतरी गोष्टी जॉय हमेल नावाच्या तरुण मुलीनं लिहिल्या, आणि त्यांवर तिचं नाव नव्हतं. ती चौऱ्याण्णव वर्षांची झाल्यावर, २०१८ साली, तिला त्याबद्दल पुरस्कार मिळाला.

म्हणून पोरांना पुस्तक देताना आधी आतलं श्रेयाचं पान उघडायला लावा. कॉमिक्स एका हातानं होत नाही. गोष्ट एकाची, पेन्सिल दुसऱ्याची, त्यावर शाई तिसऱ्याची, फुग्यातली अक्षरं चौथ्याची. अमर चित्र कथा म्हटलं की सगळे अनंत पै म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण आतल्या पानावर कमला चंद्रकांत हे नाव शोधायला सांगा. संपादनात त्या पैंच्या जोडीला होत्या आणि त्यांनी कितीतरी संहिता लिहिल्या. टिंकल मासिकातला सुपंडी राम वाईरकरांनी रंगवला, त्यांच्यानंतर त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर तो काढत आली. पोरांना हे सांगितलं की ती नाकाची रेघ जुन्या-नव्या अंकात ताडून बघत बसतात.

नाव बघताना एक सावधगिरी. नावावरून बाई की बाप्या हे नेहमी कळत नाही, आणि पुष्कळदा ते मुद्दामच कळू दिलेलं नसतं. अमेरिकेतली डालिया मेसिक संपादकांकडं चित्रं पाठवायची तेव्हा बाईचं काम म्हणून कुणी नीट बघेना; तिनं डेल असं नाव घेतलं आणि १९४० मध्ये ब्रेंडा स्टार ही बातमीदार बाई वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत उभी केली. आपल्याकडं मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं ते वेगळ्या कारणानं, पण नावाआड जावं लागलंच.

आता मुख्य काम. याला आमच्याकडं 'खाकी रविवार' म्हणतात. दहा ते चौदा वर्षांची आठ-दहा पोरं पुरेत, त्याहून जास्त घेऊ नका, गोंधळ होतो. सहा वेगवेगळ्या कॉमिक्सना शाळेच्या वह्यांसारखं खाकी कव्हर घाला. श्रेयाच्या पानावर कागद लावा, आणि मागच्या कव्हरची आतली बाजूही तपासा. माझा पहिला रविवार तिथंच फसला. सगळं झाकलं आणि शेवटच्या पानावर लेखिकेचा फोटो तसाच राहिला. पहिल्या पाच मिनिटांत बोभाटा. इंग्रजी पुस्तक असेल तर चार पानं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडं हे काम माझी भाची करते, आवाज बदलून बदलून.

वाचून झालं की प्रत्येकानं चिठ्ठी लिहायची : लिहिणारी बाई की बाप्या, आणि कशावरून. 'कशावरून' नसलेली चिठ्ठी धरायची नाही, सगळी मजा तिथंच आहे. आमच्या भिंतीवर अजून चिकटवलेल्या काही : "बाप्या, कारण तलवार बरोबर धरलीय." "बाई, कारण जेवणाचं ताट नीट काढलंय." "बाप्या, कारण विनोद आहे." ही तिसरी एका मुलीची होती, त्यामुळं दोष फक्त पोरग्यांना देऊ नका.

सहातलं एक पुस्तक मी नेहमी फुलमेटल अल्केमिस्ट या जपानी कॉमिकचं ठेवते. जपानात अशी मालिका शोनेन, म्हणजे मुलग्यांसाठीच्या मासिकात येते. मारामारी आहे, लोखंडी हात आहे, रक्त आहे. झाडून सगळ्या चिठ्ठ्या 'बाप्या'. एकानं लिहिलं होतं, "बाईला एवढी मारामारी सुचत नाही." मग कव्हर काढलं. हिरोमू अराकावा ही बाई आहे. खरं नाव हिरोमी, छापताना पुरुषी वाटेल असं हिरोमू केलं. होक्काइदोत तिच्या घरचा दुधाचा धंदा. चित्रं शिकता शिकता ती सात वर्षं घरच्या गोठ्यात राबली, आणि स्वतःचं चित्र काढायचं झालं की गाय काढते. हे ऐकल्यावर चिठ्ठीवाला पोरगा गप्प. त्यांच्या म्हशी गंगावेशीतल्या कट्ट्यावर येतात. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "म्हशीनं लाथ मारली तर आई तिला दोन ठेवून देती." पुढं त्यानं दोन महिन्यांत सगळे भाग संपवले.

कव्हर काढल्यावर भाषण ठोकू नका. "बघा, बायकांनाही जमतं" हे वाक्य तर अजिबात नको. त्यात पोरींचा उपकार केल्यासारखा सूर येतो आणि पोरगी पहिली कंटाळते. हरलेल्याला चिडवूही देऊ नका. मोठे मोठे हरलेत. विज्ञानकथा लिहिणाऱ्या जेम्स टिप्ट्री ज्युनिअर या लेखकाबद्दल रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या दुसऱ्या विज्ञानकथाकारानं १९७५ मध्ये छापून सांगितलं की ही व्यक्ती बाई असणं शक्य नाही, लिखाणच मुळात पुरुषी आहे. पुढच्या दोनेक वर्षांत टिप्ट्री म्हणजे ॲलिस शेल्डन ही साठी ओलांडलेली बाई असल्याचं उघड झालं. ही गोष्ट मी पालकांसाठी राखून ठेवते, चहा आल्यावर सांगते.

तेरा-चौदाच्या पोरांसाठी पुढचा एक प्रश्न आहे : गोष्टीत बाई मेली, तर कुणाची गोष्ट पुढं सरकली? ग्रीन लँटर्न या अमेरिकी सुपरहिरोच्या १९९४ च्या एका अंकात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं, नायकाला राग यावा म्हणून. तेव्हा केस कापायचा व्यवसाय करणाऱ्या गेल सिमोननं १९९९ मध्ये अशा मेलेल्या, लुळ्या झालेल्या नायिकांची यादीच केली आणि फ्रिजचं नाव तिला दिलं. पुढं ती स्वतः वंडर वुमन लिहू लागली. ॲलिसन बेकडेल या चित्रकर्तीच्या १९८५ च्या चित्रपट्टीतली कसोटीही सांगा : दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून कशाबद्दल तरी बोलतात का. पण ही चाळणी म्हणून वापरायची नाही. मी तशी वापरली असती तर अर्धं कपाट रद्दीत घालावं लागलं असतं, आणि त्यात माझं आवडतं अर्धं गेलं असतं.

खरेदीबद्दल थोडंच सांगते. 'बाईनं लिहिलंय ना' एवढंच बघून आणलं तर फळी पुन्हा एकाच घरातल्या लोकांनी भरते. कोण कुठल्या जातीतलं, कुठल्या मुलखातलं, कुठल्या धर्मातलं लिहितंय आणि चितारतंय, तेही बघा. माझ्याकडं बाबासाहेबांवरचं 'भीमायन' हे चित्रपुस्तक आहे. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची. त्यात चौकटी नाहीत, माणसं वेलीसारखी पानभर फिरतात, आणि पाण्याची तहान लागते तिथं मासे येतात. जोतीरावांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वरून श्रीविद्या नटराजन आणि अपर्णा नव्हे, अपराजिता निनान (मी नाव दोनदा चुकीचं नोंदवलं होतं) यांनी केलेलं चित्रपुस्तकही आहे. टिंकलमधली विंगस्टार ही सुपरहिरो ऐजॉलची, मिझो मुलगी. कमला खान ही मिस मार्व्हल जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली. आमच्याकडं तिच्या नावामुळं तिला सगळे कमळाक्का म्हणतात.

बापलोक येतातच. "पोरगं मुलींचं काय वाचतंय?" वाद घालू नका, वर्गणी जाते. आमचा नियम सरळ आहे : प्रत्येकाला दोन पुस्तकं, एक त्याच्या पसंतीचं, एक खाकी कव्हरचं. खाकीत काय आहे ते बापाला दिसत नाही.

महिन्यातून एकदा पोरांकडून पुस्तक करून घ्या. एक ए-फोर कागद तीनदा दुमडा, उलगडा, मग आडवा अर्धा दुमडून बंद कडेकडून मधल्या घडीपर्यंत कात्री लावा. उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. आठ पानांची पुस्तिका होते, पिनची गरज नाही. गोष्ट एकानं लिहायची, चित्रं दुसऱ्यानं, फुगे तिसऱ्यानं. एका पानावर चारच्या वर चौकटी नकोत, फुग्यात दहाच्या वर शब्द नकोत. दाखल नोंदवहीत तिला इतरांसारखाच क्रमांक द्या, आणि उशिरा परत आली तर दिवसाचा रुपयाही घ्या.

देवघेवीच्या वहीतला 'मुलगा/मुलगी' रकाना मी आता बंद केलाय. त्या जागी लिहिते, 'परत देताना काय म्हणाले'. गेल्या रविवारची शेवटची नोंद : "वेताळाची बायको वेताळापेक्षा हुशार आहे. पुढचा भाग आहे का?" पुढचा भाग मला अजून मिळालेला नाही. कुणाच्या माळ्यावर जुने इंद्रजालचे मराठी अंक पडले असतील तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला सांगा.