मेसच्या टेबलावर कसे जेवावे: प्रबोधिनीत जाण्याआधी घरीच करायची तयारी

एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), एझिमला, डेहराडून, चेन्नई, लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कुठल्याही प्रबोधिनीत निवड झाली की घरात आधी बुटांची धावपळ सुरू होते, मग पळण्याच्या सरावाची. मेसमध्ये, म्हणजे तिथल्या भोजनगृहात, सुरी-फोर्कने जेवण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेले: ‘तिथे गेल्यावर येईल आपोआप.’ नाही येत. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा एनडीएचे कोर्स सुरू होतात. त्याआधी महिना-दीड महिना गोव्यात फोंड्याला आमच्या घरी दोन-चार पोरे चक्क जेवायला शिकायला येतात. २०२२ साली एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हापासून मुलीही येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

मी नौदलातला. १९८६पासून नौदल अकादमी गोव्यातच होती, पणजीसमोर मांडवीच्या पलीकडे वेरे इथे, आयएनएस मांडवीवर. २००९मध्ये तिची जागा केरळातल्या एझिमलाच्या प्रबोधिनीने घेतली. जागा बदलली, टेबलावरचे नियम फारसे बदललेले नाहीत.

आधी सल्ल्यांचा निकाल लावू. ‘शेजारचा काय करतो ते बघ आणि तसेच कर’ हा सल्ला सगळे देतात. पहिल्या टर्मला तुमच्या शेजारी तुमच्याइतकाच नवखा बसलेला असतो आणि तो तुमच्याकडे बघत असतो. दुसरा सल्ला, ‘एकदा मोठ्या हॉटेलात जेवून ये.’ हॉटेलात तासभर निवांत असतो, फोर्क उजव्या हातात घेतला तरी कोणी हटकत नाही, पैसे तेवढे जातात. तिसरे ते व्हिडिओ, टेबलावर डझनभर हत्यारे मांडलेले. कॅडेटच्या रोजच्या प्लेटशेजारी एवढे काही नसते.

सामान

सपाट चिनी मातीची प्लेट, सूपसाठी खोलगट बशी, सुरी, फोर्क, जेवणाचा चमचा, सूपचा चमचा, कापडी नॅपकिन. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळे मिळते. सुरी जरा वजनदार घ्या. घरच्या स्टीलच्या ताटात सराव करू नका, त्याचा उभा काठ सुरीच्या आड येतो.

मांडणी, सूप, पाव

फोर्क डावीकडे, सुरी आणि चमचे उजवीकडे, पावाची बशी डावीकडे, ग्लास उजवीकडे. बाहेरच्या हत्यारापासून आत यायचे. नॅपकिन मांडीवर. सूपचा चमचा आपल्यापासून दूर नेत भरायचा, कडेने प्यायचे, फुंकायचे नाही, सुर्र करायचे नाही. सोलकढीवर सराव करा, चालतो. पाव सुरीने कापायचा नाही, हाताने घासाएवढा तोडायचा आणि तेवढ्यालाच लोणी लावायचे. हे दोन दिवसांत येते, यावर आठवडा घालवू नका.

डावा हात

गाडी अडते ती इथे. मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली होती आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला जड जाते. कारण साधे आहे. आपल्या घरात लहानपणापासून डावा हात उष्टा करायचा नाही हे अंगात मुरवलेले असते. उजव्याने जेवायचे, डाव्याने वाढून घ्यायचे. मेसमध्ये नेमका तो डावा हात तोंडापर्यंत न्यायचा असतो आणि तो अर्ध्या वाटेत बिचकतो. मग मुले काय करतात? सगळे आधी कापून ठेवतात, सुरी खाली ठेवतात, फोर्क उजव्या हातात घेतात आणि चमच्यासारखा वापरतात. ही पळवाट सुरुवातीपासूनच बंद करा. एकदा सवय लागली की ती मोडायला दुप्पट वेळ जातो, आणि मेसमधल्या वरिष्ठांना ती तीन टेबलांवरून दिसते.

पकड अशी: फोर्कचे दाते खाली, दांड्याचे टोक तळव्यात, तर्जनी दांड्याच्या पाठीवर. तर्जनी दात्यांच्या मुळापर्यंत न्यायची नाही, नाहीतर बोट रश्शात जाते. सुरीही तशीच, उजव्या हातात. दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेशी, कोपरे अंगाला. कोपरे पंखासारखी उघडत असतील तर दोन्ही काखांत एकेक घडी केलेले वर्तमानपत्र धरून जेवा. पेपर पडला की घास परत प्लेटमध्ये. घरचे हसतील, हसू द्या.

एक तुकडा कापायचा, तोच खायचा, मग दुसरा कापायचा. तुकडा लहान ठेवा. हा निव्वळ सभ्यपणाचा मामला नाही. टेबलावर वरिष्ठ कधीही प्रश्न विचारतात, आणि तोंडात मोठा घास असला की उत्तर देता येत नाही, गप्पही बसता येत नाही.

सुरी प्लेटवर किंचाळते ती जोर लावल्यामुळे. करवतीसारखी पुढेमागे करू नका. फोर्क कापायच्या जागेला चिकटून रोवा आणि सुरी तिरकी धरून स्वतःकडे ओढा. आवाज आला तर सुरी उभी झाली आहे असे समजा.

सरावाचे पदार्थ क्रमाने घ्या. आधी ऑम्लेट आणि उकडलेला बटाटा. मग घावन किंवा डोसा, तो कापताना सरकतो म्हणून चांगला. मग चिकनचा हाडासकट तुकडा, आणि सगळ्यात शेवटी वाटाणे. वाटाणे टोचत बसू नका. फोर्कच्या पाठीवर आधी थोडा बटाटा घ्या आणि सुरीने वाटाणे त्यावर दाबा.

भाताचे वेगळे आहे. वरण-भात, हुमण-भात (हुमण म्हणजे माशांची आमटी) यासाठी चमचा उजव्या हातात आणि फोर्क डाव्या. फोर्कने भात चमच्यावर ढकलायचा. भात अगोदर कालवून डोंगर करायचा नाही, चमच्याला पुरेल तेवढाच भिजवायचा. पोळी हाताने तोडायला रोजच्या जेवणात बऱ्याच ठिकाणी चालते. तुमच्या मेसमध्ये चालते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आता मासे. गोव्यातल्या पोरांना याचीच धास्ती असते, आणि त्यांनीच याचा फायदा करून घ्यावा. तळलेला अख्खा बांगडा प्लेटमध्ये आडवा ठेवा. डोक्यामागे सुरीने एक छेद, मग अंगाच्या मधोमध शेपटीपर्यंत दुसरा. सुरीची पात सपाट धरून वरचे मांस कण्यावरून अर्धे वर, अर्धे खाली असे सरकवा. ते खाऊन झाले की शेपटीकडून फोर्कने कणा उचला, तो डोक्यासकट निघून येतो; प्लेटच्या काठाशी ठेवा. मासा उलटा करायचा नाही. एखादा बारीक काटा तोंडात आलाच तर दोन बोटांनी हळूच काढून काठावर ठेवावा, त्याचा तमाशा नको. बांगडा जमला की मेसमध्ये समोर येणारा बिनकाट्याचा तुकडा म्हणजे काहीच नाही. तारल्यांवर सराव करू नका, जीव जाईल.

मध्ये थांबायचे असेल तर सुरी आणि फोर्क प्लेटमध्ये एकमेकांपासून दूर, तिरके ठेवायचे. संपले की दोन्ही शेजारी शेजारी, सरळ. वाढपी हीच खूण बघतो. गप्पांच्या नादात दोन्ही जुळवून ठेवलीत तर अर्धे चिकन प्लेटसकट स्वयंपाकघरात गेलेच समजा.

वेग

एनडीएच्या मेसमध्ये दोन हजारांवर कॅडेट एकाच वेळी जेवायला बसतात. तिथे कोणाच्या एकट्याच्या चवीने काही चालत नाही. घरी पंधरा मिनिटांचा गजर लावा, पण पाचव्या मिनिटाला प्लेट साफ करून बसणाराही चुकतोच. वेग टेबलाचा असतो. घरी बाबांना टेबलाचा प्रमुख करा. त्यांनी सुरी-फोर्क जुळवले की तुमची प्लेट उचलली जाईल, उरले ते उरले. आईला दया येणार आणि ती पुन्हा वाढायला धावणार, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा. एक-दोनदा अर्धपोटी उठल्यावर वेगाचे गणित आपोआप बसते.

वाढून घेणे

औपचारिक जेवणात वाढपी मोठी थाळी घेऊन तुमच्या डाव्या बाजूला उभा राहतो आणि तुम्ही स्वतः वाढून घ्यायचे असते, थाळीतला मोठा चमचा उजव्या हातात आणि फोर्क डाव्या हातात घेऊन, चिमट्यासारखे. घाबरून मुले एकाच चमच्याने उचलतात आणि बटाटा शेजाऱ्याच्या मांडीवर जातो. घरी बहिणीला किंवा भावाला डोशाचा तवा घेऊन डावीकडे उभे करा आणि बसल्या जागेवरून घ्यायचा सराव करा. पहिल्या फेरीत थोडेच घ्या; थाळी टेबलाच्या टोकापर्यंत जायची आहे. वाढप्याला ‘थँक यू’ म्हणायचे, चुटकी वाजवायची नाही. हाताने बोलावण्याची सवय हॉटेलात लागलेली असेल तर आजच सोडा.

डिनर नाइट

ही मेसमधली औपचारिक जेवणाची रात्र. रोजच्या मेसला सरावलात की ती अवघड नाही, फक्त लांब असते. प्रमुख पाहुणे बसेपर्यंत कोणी बसत नाही. टेबलाच्या मानाच्या जागी अध्यक्ष, त्याच्या विरुद्ध बाजूला ‘मिस्टर व्हाइस’, बहुधा सगळ्यात कनिष्ठांपैकी एक. जेवण आटोपले की पोर्ट वाइनचे डिकँटर (काचेच्या सुरया) डावीकडे सरकवत फिरतात. ग्लास भरला म्हणून लगेच ओठांना लावायचा नाही. अध्यक्षाने सांगितल्यावर मिस्टर व्हाइस राष्ट्रपतींच्या नावाने टोस्ट (मानाने ग्लास उंचावून प्यायची हाक) पुकारतो, तेव्हाच. मद्य घेणे कोणावरही सक्तीचे नाही, त्यामुळे कसनुसे तोंड करून बसू नका. टोस्ट उभे राहून की बसून, राष्ट्रगीत नेमके कधी, यात दलागणिक, मेसगणिक फरक असतात. ते तिथे तालमीत सांगतात, इथून पाठ करून जाऊ नका.

राजकारण, धर्म, आणि टेबलावर हजर नसलेल्या बाईमाणसाचा विषय काढायचा नाही. ड्यूटीच्या गप्पाही नकोत. पाऊस, फुटबॉल, गावची जत्रा हे विषय कायम चालतात. गोव्याचे आहात म्हटल्यावर काजूच्या फेणीबद्दल कोणीतरी विचारणारच, उत्तर दोन वाक्यांत संपवा.

आणि एक पूर्णपणे व्यवहारी सूचना, जी कोणत्याही व्हिडिओत सांगत नाहीत: बसण्याआधी लघवीला जाऊन या. टोस्ट होऊन अध्यक्ष उठेपर्यंत टेबल सोडता येत नाही. पाणीही त्या हिशेबाने प्या.

फोर्क खाली पडला तर वाकून शोधू नका, वाढप्याला खुणावा, तो दुसरा आणतो. टेबलावरच्या कापडावर हुमण सांडले तर नॅपकिनने चोळू नका, डाग हातभर पसरतो.

जाण्याआधी

शाकाहारी की मांसाहारी ते आधीच पक्के करा. सोमवारी नाही, श्रावणात नाही, एकादशीला नाही असे घरचे वेळापत्रक मेसमध्ये चालवायला गेलात तर सुरुवातीला पदरी वरणच पडेल. उपवास करायचा असेल तर जे समोर येईल त्यातले चालणारे खा आणि बाकीचे मुकाट्याने सोडा. बॅगेत नेवऱ्या, खाजे, नारळाच्या वड्या कोंबण्याआधी प्रबोधिनीकडून आलेली जॉइनिंगची सूचनापत्रे नीट वाचा. खोलीत खाण्याचे पदार्थ ठेवायला बंदी असेल तर डबा पहिल्याच तपासणीत सापडतो, आणि तो आईने किती हौसेने भरला होता हे तिथे कोणी विचारत नाही.